लेक व्ह्यू

गुरुवार, १० नोव्हेंबर २००५. दुपारी बाराच्या सुमारास त्रिपुरसुंदरीनं जाहीर केलं की ती तांबरमच्या घरी परत जाणार आहे.

तिच्या नवऱ्याचा, रामस्वामी रावांचा तेरावा दिवस होता. चेन्नईत एग्मोरला थोरल्या लेकीच्या, श्रीलक्ष्मीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सुतक संपल्याचा शुभस्वीकार विधी नुकताच आटोपला होता. शास्त्री जिना उतरत होते आणि त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावरून अजून येत होता. हॉलमध्ये केळीची पानं मांडली होती. सगळ्यांनी नवे कपडे घातले होते आणि कोणालाच ते नीट बसत नव्हते.

"कधी?" मुरलीनं विचारलं. थोरला मुलगा म्हणून दर्भाची अंगठी बारा दिवस त्याच्या बोटात होती. ती काढल्यावरही अंगठा त्या जागी फिरत होता.

"आज. पायसम घेऊन निघतें."

"घरात काय आहे, अम्मा? चिखल आहे. छातीएवढी ओल चढलीय भिंतीला. फ्रिज अजून पालथा पडलाय."

"चिखल धुतां येतो."

"आणि परत पाऊस आला की?"

"तेंच म्हणतें, कण्णा. पुढला पाऊस यायच्या आधीं तिची पाठवणी व्हावी."

ती म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. रामस्वामींचे धाकटे भाऊ राजगोपाल आदल्या संध्याकाळी तिरुवैयारूहून आले होते. त्यांनी हातातला वडा पानावर ठेवला.

"पाठवणी झाली नाहीं, वैनी?"

"कुठें झाली? होडीवाल्यांनी उचलून नेलें ना मला."

राजगोपाल काकांचा चेहरा पाहून मुरलीला कळलं की या बाजूनं मदत मिळणार नाही.

तंजावरजवळच्या तिरुवैयारूला त्यांच्या मराठी आळीत रिवाज होता. कावेरीचं पाणी चढून उंबऱ्याला लागलं की घरातली वडील सवाष्ण हळद-कुंकू लावून तिची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ. नदी म्हणजे माहेरवाशीण. ती घरात आहे तोवर घरच्यांनी घर सोडायचं नाही, कारण लेकीला घरात टाकून आई कुठं जाते? पाणी उतरू लागलं की केळीच्या पानावर दहीभात द्यायचा आणि वेशीपर्यंत पोचवायला जायचं. ती आळी ज्यांनी वसवली त्यांना पाणी कुठवर येतं ते ठाऊक होतं, त्यांनी जोती त्या मापानं बांधली होती. पाणी रात्रीत यायचं आणि दुसऱ्या दिवशी जायचं. या रिवाजापायी कधी कोणी दगावलं नव्हतं.

मग ती यायचीच थांबली. ओळीनं तीन वर्षं धरण वेळेवर उघडलं नाही. आडी महिन्याच्या अठराव्याला, नदीपूजेच्या दिवशी, बायकांनी बोअरच्या पंपाला कुंकू लावलं. राजगोपाल काकांनी एका वर्षी भात पेरला नाही, दुसऱ्या वर्षी पेरला आणि तो उभ्याउभ्या वाळला. रामस्वामी शाळेतून निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात परसातली विहीर आटली. तेव्हा मुरलीनं चेन्नईहून फोन केला.

"अम्मा, लेक व्ह्यूमध्ये प्लॉट मिळाला. तांबरमच्या पलीकडे."

त्रिपुरसुंदरीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं ऐकलं ते एवढंच की कोणाच्या तरी लेकीच्या नावानं पेठ वसवली आहे आणि मुलानं तिथं घर घेतलं आहे. शकुन चांगला होता. आळीत दारोदार जाऊन तिनं ते सांगितलं.

वास्तुशांतीच्या दिवशी धाकटी सून अर्चना तिला गच्चीवर घेऊन गेली. अर्चना सांगलीची, तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. "अम्मा, लेक म्हणजे तळं. इंग्रजीत," ती हसत म्हणाली आणि बोट दाखवलं. समोर एरी होती. एरी म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा जुना तलाव. त्यात तेव्हा पाणी नव्हतं. भेगाळलेल्या तळात मुलं क्रिकेट खेळत होती. पलीकडच्या बांधावर झोपड्यांची रांग होती आणि रस्त्याला टँकरसाठी लावलेल्या रंगीत प्लास्टिकच्या घागरींची तेवढीच लांब रांग.

"तळें का असेना, लेकच की ती," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "अजून माहेरीं आली नाहीं, एवढेंच."

सगळे हसले. अर्चनानं हा किस्सा ऑफिसात दोन-तीन दिवस सांगितला.

२७ ऑक्टोबरला ती आली. अंधार पडता पडता पाणी उंबऱ्याला लागलं, आणि त्रिपुरसुंदरीनं नवी काठापदराची साडी नेसून ओटी भरली. शुक्रवारी दुपारी अग्निशमन दलाची रबरी होडी वरच्या गॅलरीला लागली तेव्हा ती चढली नाही. "ही येत नाहीं तर मी कसा येऊं?" रामस्वामी म्हणाले. होडीला पुढच्या गल्लीतली माणसं काढायची होती, ती गेली. शनिवारी दुपारी दुसरी होडी आली तेव्हा रामस्वामींना जाग येत नव्हती. हॉस्पिटलच्या दारात ते गेले.

* * *

"अम्मा, ऐक," पद्मनाभ म्हणाला. तो धाकटा, अर्चनाचा नवरा. आवाज चढवायचा नाही असं त्यानं ठरवलेलं होतं. "आपण ती जागा कोरड्या वर्षात घेतली, म्हणून कोणाला दिसलं नाही. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही. एक तर पडतच नाही, नाहीतर महिन्याचा दिवसात पडतो. दोन वर्षं टँकर, एक वर्ष होडी. असंच चालणार."

"गांवींही तेंच," राजगोपाल काका म्हणाले. "तीन वरीस तोंड नाहीं दाखविलें आणि आतां कोळ्ळिडम नदी काठोकाठ. माझ्या शेतांत होडी चालते. नातवाला म्हटलें, विकून टाक बा. तो म्हणतो, ताता, घेणार कोण? मासे?"

 पायसम वाढायचं राहून गेलं होतं.

"काका, तुम्ही तरी सांगा तिला," मुरली म्हणाला.

"काय सांगूं? ओटी भरून पाठवणी न करणें म्हंजे लेकीला जेवायला बसवून पान ओढून घेतल्यासारखें. वैनी गांवीं वेशीपर्यंत जात असे. लेक निघाली म्हंजे आई घरांत राहत नाहीं."

"काका, ती नदी नाहीये! बिल्डरनं भर घालून पाण्याची वाट बंद केली, म्हणून घरात शिरलेलं गटाराचं पाणी आहे ते!"

"प्लॉट कोणी घेतला होता, डा?" श्रीलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

मुरली तिच्याकडे बघत राहिला. सकाळपर्यंत अक्का त्याच्या बाजूची होती. अम्मा एग्मोरला राहील, तांबरमच्या घराला कुलूप घालायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण हेही खरं होतं की बारा दिवसांत पहिल्यांदा कोणी तो प्रश्न मोठ्यानं विचारला होता.

"मी घेतला," तो म्हणाला. "मीच घेतला, अक्का. तू वास्तुशांतीला आली होतीस. मोदक खाल्लेस. तेव्हा का नाही विचारलंस?"

"पुरे," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "प्लॉटची गोष्ट नको. श्रीलक्ष्मी, तूं चल माझ्यासवें. मला आतां हळद-कुंकू लावतां येत नाहीं. सवाष्ण पाहिजे. तूं कर, मी मागें थांबतें."

तिचं कपाळ मोकळं होतं. दहाव्या दिवसाचे सगळे विधी श्रीलक्ष्मीनं होऊ दिले नव्हते, शास्त्र्यांशी भांडली होती. पण कुंकू अम्मानं स्वतःच पुसलं होतं.

श्रीलक्ष्मीच्या हातात पायसमचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"मी नाही येणार."

"कां?"

"शुक्रवारी मी फोन केला होता. अप्पांच्या मोबाईलवर. बॅटरी संपायच्या आधी. मी काय म्हणत होते?"

"होडींत बस म्हणत होतीस."

"रडत म्हणत होते. आणि तू काय म्हणालीस?"

त्रिपुरसुंदरीनं पानाची कड सरळ केली.

"तू म्हणालीस, घरांत लेक आली आहे, कशी येऊं." श्रीलक्ष्मीचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. "ती लेक. मग फोनवर होती ती कोण, अम्मा? शेजारीण?"

बाहेरून एक लोकल गेली आणि खिडकीची तावदानं नेहमीप्रमाणे थरथरली. या घरात गाडी जाईपर्यंत बोलणं थांबवायची सगळ्यांना सवय होती. 

"तसें नाहीं, बाळ," शेवटी त्रिपुरसुंदरी म्हणाली.

"मग कसं?"

"तूं कधींही येतेस. ती किती वरसांनीं आली होती."

श्रीलक्ष्मी आत निघून गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज झाला नाही, आणि अर्चनाला तेच जास्त वाईट वाटलं.

"बघितलंस?" मुरली उभा राहिला. "अजून त्या पाण्याची बाजू घेतेस? त्या तुझ्या लेकीनं अप्पांना नेलं. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. फ्रिज पहिल्याच रात्री तरंगून उलटला. खोकं मला चिखलात सापडलं. दोन दिवस त्यांनी सुई घेतली नव्हती, अम्मा!"

"मुरली!" पद्मनाभ ओरडला. हे अम्माला सांगायचं नाही असं तिघा भावंडांनी ठरवलं होतं. तिला हार्ट म्हणून सांगितलं होतं.

"घेतलें म्हणाले," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

पद्मनाभनं मुरलीचा दंड धरला.

"मी दोन्हीं सकाळीं विचारिलें. घेतलें म्हणाले. शुक्रवारींही आणि शनिवारींही." तिनं राजगोपाल काकांकडे पाहिलं. "ते खोटें बोलत नव्हते ना हो कधीं?"

"नाहीं, वैनी."

"मग?"

काकांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. खरं उत्तर सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. रामस्वामींनी सांगितलं असतं तर ती होडीत चढली असती. पाहुणीला सोडून गेली असती. ते तिला करायला लागू नये म्हणून ते दोनदा खोटं बोलले.

त्रिपुरसुंदरी उठली, मोरीत जाऊन हात धुतले आणि बराच वेळ धूत राहिली. बाहेर आली ती पदराला हात पुसत.

"मग तर जायालाच पाहिजे," ती म्हणाली. "ज्या पाहुणचारापायीं ते गेले, तो मी अर्धा टाकूं?"

मुरली परत पानापाशी बसला.

अर्चना आतापर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. मुरलीअण्णांना तिच्याकडून आधाराची अपेक्षा होती, हे तिला जाणवत होतं. या घरात तिचं वरण गोड असतं, ती मराठी 'पेपरातल्यासारखं' बोलते, आणि ती शहाणी आहे, या तीन गोष्टींवर सर्वांचं एकमत होतं.

"मी येते अम्मांबरोबर," ती म्हणाली.

"अर्चना!" पद्मनाभ म्हणाला.

"पाठवणी झाली की अम्मा परत येतील. हो ना, अम्मा? इकडे एग्मोरला. कायमच्या."

"झाली कीं येतें," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

सगळ्यांनी ते ऐकलं. मुरलीनं मान हलवली, ती संमती होती की नुसता थकवा, हे कळलं नाही. पायसम गार झालं होतं. ते सगळ्यांनी प्यायलं.

* * *

दुपारच्या लोकलनं दोघी तांबरमला उतरल्या. स्टीलच्या डब्यात दहीभात होता. तो श्रीलक्ष्मीनं कालवून दिला होता, न बोलता, वर मोहरीची फोडणी घालून. रिक्षावाल्यानं कॉलनीच्या कमानीपाशी सोडलं. पुढं चाकं रुतत होती.

घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. तिच्याखालचा रंग वेगळा. आत जायचं त्रिपुरसुंदरीनं टाळलं. ती थेट एरीकडे चालू लागली.

एरी भरलेली होती. वास्तुशांतीच्या दिवशी बोट दाखवलं होतं ती हीच जागा, हे अर्चनाला पटायला वेळ लागला. करड्या पाण्यावर मधूनच वाऱ्याची शिरशिरी उठत होती. पुरात शाळेत हलवलेली माणसं बांधावर परत येऊन झोपड्या उभ्या करत होती. या खेपेला जमीन विटांनी हातभर उंच केली होती. तांदळाची मडकी आढ्याला टांगली होती. सेल्वी पुढं आली. पुराचे दोन दिवस तिनं आपल्या दोन मुलांसह रामस्वामींच्या वरच्या मजल्यावर काढले होते. तिच्या गळ्यात, ताळीच्या म्हणजे मंगळसूत्राच्या दोऱ्यालाच, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशन कार्ड होतं.

"अम्मा, राहायला आलात?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"नाही, नाही," अर्चना घाईनं म्हणाली. "आज परत जाणार आहोत."

पाण्याच्या कडेला अर्चना उकिडवी बसली. त्रिपुरसुंदरी बरीच मागं थांबली, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेतानं. तिथून ती सांगत होती आणि अर्चना करत होती. हळद. कुंकू. केळीचं पान, त्यावर दहीभात. पान पाण्यात सोड, ढकलूं नको, ती आपण घेते.

पान सुटलं. थोडं फिरलं आणि आत जाऊ लागलं.

"आतां म्हण: बाई, सुखें ये."

अर्चनानं मागं वळून पाहिलं. "ये?"

"निघणाऱ्याला ये म्हणतात. सांगलीला काय म्हणतात?"

सांगलीलाही तेच म्हणत. लहानपणी दारातून "जाते गं" म्हणून ओरडलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जाते नाही, येते म्हण!" अर्चनाला हे शिकवावं लागणार नव्हतं. तिनं तोंड उघडलं. समोर पाणी होतं, आणि तिच्या डोळ्यांपुढं चिखलातलं इन्सुलिनचं न फोडलेलं खोकं आलं. याला ये कसं म्हणायचं? यानं यावं असं आपल्या तोंडानं?

"जा," ती म्हणाली.

अगदी हळू म्हणाली, पण वारा पडला होता.

त्रिपुरसुंदरी रागावली नाही. थोडं पुढं आली आणि थांबली.

"लेकीला जा म्हणतात काय, अर्चना?"

"मला ये म्हणवेना, अम्मा. खरंच म्हणवेना."

"सरी, बरें," त्रिपुरसुंदरी म्हणाली. ती पानाकडे पाहत होती. ते आता आत गेलं होतं आणि त्यावर एक कावळा उतरला होता. "पाठवणी झाली नाहीं. घरांतून हांकलल्यासारखें झालें. मी राहतें इथें. ती रुसून गेली तर कोणीतरी असावें दारांत. तूं जा..." ती अडखळली. "तूं ये, कण्णा. अंधार पडायच्या आधीं घरीं पोंच."

अर्चनानं संध्याकाळपर्यंत विनवण्या केल्या. दुसऱ्या दिवशी मुरली गेला, त्यानंतरच्या रविवारी पद्मनाभ. एकानं वर स्टोव्ह पोचवला, दुसऱ्यानं टॉर्च आणि नवा मोबाईल. दोघंही एकटे परत आले. पाठवणी का झाली नाही हे अर्चनानं कोणाला सांगितलं नाही. अम्मानंही सांगितलं नाही. श्रीलक्ष्मी तांबरमला गेली नाही, आणि तिनं फोनही केला नाही.

* * *

शुक्रवारी, २ डिसेंबरला पाऊस लागला तो थांबला नाही. शनिवारी सकाळी अम्माचा मोबाईल वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. नऊनंतर तो वाजणंही बंद झालं. मुरली तांबरमकडे निघाला होता. पद्मनाभ आदल्या दिवशी ऑफिसात अडकला तो तिथंच होता.

अर्चना गुडघाभर पाण्यातून एग्मोरला पोचली. श्रीलक्ष्मी स्वयंपाकघरात कुकर लावत होती.

"अक्का, मला सांगायचंय तुम्हाला काहीतरी," अर्चना दारातच म्हणाली, आणि त्या दिवशी एरीवर झालेलं सगळं सांगून टाकलं.

श्रीलक्ष्मीनं गॅस बंद केला.

"तू तिला जा म्हणालीस?"

"हो."

"आणि तरी आली परत." श्रीलक्ष्मी हसली, पण ते हसणं लगेच मोडलं. "बघ. आम्ही लेकी अशाच. जा म्हटलं तरी येतो."

"अम्मा माझ्यामुळे राहिल्या तिथं."

"नाही गं. तिनं माझ्यासाठी यावं, तर मी त्यानंतर गेलेच नाही तिच्याकडे." तिनं ओले हात पुसले. मग ते तसेच पदरात राहिले. "काका काय म्हणाले होते? लेक निघाली म्हंजे?"

"लेक निघाली म्हणजे आई घरात राहत नाही. वेशीपर्यंत पोचवायला जाते."

"हां."

श्रीलक्ष्मी आत गेली. बाहेर आली तेव्हा साडी वर खोचलेली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात छत्री आणि एक रिकामी पिशवी.

"मी तिला आणायला नाही जाणार. आणायला गेलेल्यांबरोबर ती येत नाही," ती म्हणाली. "मी माहेरी जाते. जाते आणि निघते. मग तिला यावंच लागेल मला पोचवायला."

"मीही येते."

"तू नको. तू सून आहेस. सुनेला आई वेशीपर्यंत पोचवत नाही, सून घर सांभाळते." जिन्यात तिनं मागं वळून पाहिलं. "कुकर लाव. परत आलो की भूक लागलेली असेल. आणि वरणात साखर घालू नकोस."

तांबरमपर्यंत गाड्या सुरू होत्या. त्यापुढं ती कशी गेली हे नक्की कळलेलं नाही.

मुरलीला पोलिसांनी कमानीच्या बऱ्याच अलीकडे दोरीपाशी अडवलं. तिथं तीनच्या सुमारास त्याला सेल्वी भेटली. बांधावरच्या सगळ्यांना सकाळीच शाळेत नेलं होतं. मडकी घ्यायला मागं राहिली म्हणून ती शेवटी निघाली. तिनं जे पाहिलं ते असं: एकच्या आधी अक्का बांधावरून आली. कुंपणाच्या भिंतीला धरून, कमरेएवढ्या पाण्यातून, ती घराच्या जिन्यापर्यंत पोचली. वरच्या गॅलरीचं दार उघडलं. दोघी आत गेल्या. पुढं पाणी चढलं आणि कुंपणाची भिंत दिसेनाशी झाली.

"बाहेर आल्या?"

"मी निघाले तोवर नाही. पण अक्का ओरडत होती. गॅलरीत उभी राहून, आत तोंड करून. तेच तेच. 'येतें, येतें, अम्मा, येतें.'" तिनं तो मराठी शब्द जसाच्या तसा म्हणून दाखवला. "म्हणजे काय, सार?"

"पोयिट्टु वरेन," मुरली म्हणाला. जाऊन येते.

"अच्छा," सेल्वी म्हणाली. तमिळमध्येही निघताना तसंच म्हणतात. "मग अम्मा काय म्हणाल्या?"

मुरली तिच्याकडे बघत राहिला.

"पावसात ऐकू नाही आलं," सेल्वीच म्हणाली.

होडी त्या गल्लीत दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा तिच्यात दुसऱ्या घरांतली माणसं होती. साडेचारला ती तिसऱ्यांदा गेली. एग्मोरला अर्चनानं कुकर लावला होता. मुरली दोरीपाशी उभा होता. अंधार पडेपर्यंत होडी परतली नव्हती.